‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्याआधी

‘मदरबोर्ड गेलाय.’ कॅबिनेटचा एकही स्क्रू न काढता हे वाक्य बोललं जातं आणि ऐकणारा पैशांची जुळवाजुळव करायला लागतो. मशीन मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असेंबल झालेलं, कुरिअरनं लातूरला आलेलं. बटण दाबलं की पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात, मॉनिटर मात्र काळा. परवा दुकानात ज्या मशीनवर विंडोज चढवलं, त्याचा मदरबोर्ड टेम्पोत पडल्या पडल्या कसा जळेल, हे कुणीतरी विचारायला हवं.

विचारलं की अर्धं उत्तर तिथंच मिळतं. प्रवासात त्या मशीनमधून वीज वाहत नव्हती. त्याला मिळाले ते फक्त धक्के. त्यामुळे वापरता वापरता बंद पडलेल्या मशीनचे आडाखे इथं लावू नयेत. काय जळलं, हा प्रश्न नंतरचा. काय हललं, काय सुटलं, काय वाकलं, हे आधी बघायचं. आणि हललं-सुटलं असेल तर ते बहुतेकदा स्क्रू-ड्रायव्हर आणि अर्ध्या तासात जागेवर येतं. एवढी साधी गोष्ट न तपासता कुटुंबाला नवा बोर्ड विकत घ्यायला लावणारा मेकॅनिक मला मान्य नाही, आणि असा माल पाठवणारा दुकानदार तर अजिबात नाही.

धक्का म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत बघू. खोकं टेबलाच्या उंचीवरून, म्हणजे ७५ सेंटिमीटरवरून पडलं आणि जमिनीवर आपटून १ सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर आतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या सरासरी ७५ पट जोर सोसावा लागतो. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, इतकं सरळ गणित आहे. आत १ किलोचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्या क्षणापुरतं ते ७५ किलोचं होतं. तेच खोकं जाड फोमवर ५ सेंटिमीटर दबत थांबलं, तर जोर १५ किलोवर येतो. पॅकिंगचं सगळं काम या चार जादा सेंटिमीटरमध्ये आहे. बबल रॅपचा एक वेढा आणि वर ‘फ्रजाइल’चं लाल स्टिकर यांतून ते चार सेंटिमीटर मिळत नाहीत.

आता ते कार्ड कशावर बसलेलं असतं ते बघा. मागच्या बाजूला पत्र्याला एक-दोन स्क्रू. खाली प्लॅस्टिकचा स्लॉट, त्यात १६४ बारीक संपर्क आणि टोकाला एक चिमुकला खटका. पुढचा सगळा भाग अधांतरी. अलीकडची मोठी कार्डं दोन किलोच्याही पुढे जातात आणि हे वजन कॅबिनेट उभं असताना आडवं लोंबकळत असतं. लातूरपर्यंतच्या रस्त्यात ते किती वेळा हेलकावत असेल, याचा विचार पॅकिंग करणाऱ्यानं करायचा असतो. तो करत नाही. कार्ड स्लॉटमध्येच ठेवून, आत कसलाही आधार न देता मशीन रवाना होतं. मग स्लॉटच्या एका टोकाला कार्ड केसभर वर येतं. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही, पण संपर्क तुटलेला असतो.

रॅमचंही तेच. पट्टीवर २८८ टोकं, धरून ठेवायला दोन खटके, काही बोर्डांवर तर एकाच बाजूचा खटका उघडणारा. प्रोसेसरवरचा मोठा टॉवर कूलर किलोभर वजनाचा असू शकतो. तो ढिला झाला तर मशीन सुरू होतं, तापतं आणि बंद पडतं.

म्हणून खोकं उघडल्यावर बटण दाबायची घाई करू नका. आधी कॅबिनेट हळूच कलवून कान द्या. आत काही खुळखुळलं, तर झाकण उघडून ते हाती लागेपर्यंत प्लग लावू नका. मदरबोर्डावर पडलेला एक सुटा स्क्रू वीज आली की दोन टोकं जोडतो, आणि जो दोष केवळ ढिलेपणाचा होता तो खरोखरच जळण्याचा होतो. मदरबोर्ड जातो तो बऱ्याचदा असा, खोकं आल्यानंतर आणि आपल्याच डोळ्यांसमोर. बाजूची काच फुटलेली असेल तर तिचे खडे पंख्यांत आणि स्लॉटमध्ये गेलेले असतात, तेही आधी काढा. काही विक्रेते कॅबिनेटच्या आत फोमची उशी घालून पाठवतात, ते उत्तमच करतात. ती उशी काढायची राहून गेली तर पंखे अडकतात, तेवढं बघा.

खुळखुळ नाही, सगळं ठीक दिसतंय, बटण दाबलं आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आलं. इथं लोक मॉनिटर बिघडला म्हणतात. मॉनिटरनं ती अक्षरं स्वतः लिहिली आहेत. म्हणजे त्याला वीज मिळतेय, त्याचा पॅनल चालतोय, मागचा प्रकाश लागतोय. तो फक्त एवढंच सांगतोय की माझ्याकडे काही पोचत नाही. मग पाठवणारा आणि रस्ता तपासा. मॉनिटरच्या बटणानं योग्य इनपुट निवडलंय का, एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट? केबल घट्ट आहे का? आणि केबल लावलीय कुठं?

या शेवटच्या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्यानं आलेल्या मशीनमध्ये असा ‘बिघाड’ फार वेळा निघतो. कॅबिनेटच्या मागे चित्र बाहेर पडण्याच्या दोन जागा असतात. वर, माउस-कीबोर्डच्या खाचांजवळ, मदरबोर्डाच्या. खाली, आडव्या पट्टीत, ग्राफिक्स कार्डाच्या. केबल वरच्या खाचेत व्यवस्थित बसते आणि माणूस समाधानानं बटण दाबतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर आहे, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यांत चित्र काढणारा भागच नसतो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही. अशा मशीनला मदरबोर्डाच्या खाचेतून जन्मात चित्र मिळणार नाही. दुकानानं वरच्या खाचेवर एक कागदी पट्टी चिकटवली असती तर त्या घरातली अख्खी संध्याकाळ वाचली असती.

केबल बरोबर, तरी अंधार. मग मशीन जिवंत आहे का ते बघा. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो? मग प्रोसेसर, रॅम आणि विंडोजपर्यंतचा बराचसा प्रवास नीट झालाय, अडकलंय ते फक्त चित्र. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू करतं. एवढ्यानं चित्र आलं तर हार्डवेअरला हात लावू नका. कॅप्स लॉक ढिम्म असेल तर मात्र झाकण उघडायचं.

उघडण्याआधी प्लग काढा. प्लग काढल्यावरही चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. वीज पुरवणारं एसएमपीएसचं डबडं उघडू नका, त्यात आपलं काही काम नाही.

कार्डाचा स्क्रू काढा, खटका दाबा, कार्ड सरळ वर ओढा. स्लॉटला तडा आहे का, कार्डाच्या सोनेरी कडेपाशी भेग आहे का, हे टॉर्च लावून बघा. ठीक असेल तर परत बसवा, खटक्याचा आवाज येईपर्यंत. वीज देणारी केबलही काढून पुन्हा लावा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, बाकीची वीज वरच्या ६ किंवा ८ पिनांच्या जोडातून येते आणि तो जोड सैल असेल तर कार्डाचे पंखे फिरूनही चित्र येत नाही. रॅमच्या पट्ट्या काढा आणि मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत एकच लावून बघा, मग दुसरी. आपल्याकडे रॅम खोडरबरानं घासायची पद्धत आहे. जुन्या, काळवंडलेल्या पट्टीला तिचा उपयोग होत असेल. कालच कारखान्याच्या पाकिटातून निघालेल्या पट्टीवरचा सोन्याचा थर घासून काय मिळणार? चित्र आलंच, तर ते पट्टी काढून परत बसवल्यामुळे येतं.

एवढं करूनही अंधार असेल, तर या सगळ्यात मला सर्वांत आवडणारी परीक्षा करा. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड पूर्ण काढून टाका आणि केबल मदरबोर्डाच्या खाचेत लावा. चित्र आलं? मग मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, मॉनिटर, केबल एका फटक्यात निर्दोष सुटले. संशयित उरले कार्ड, त्याचा स्लॉट आणि त्याला मिळणारी वीज. तेच कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावलं की दोष कार्डाचा आहे की नाही ते कळतं. ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणणाऱ्यानं ही परीक्षा केली होती का, हे त्याला स्पष्ट विचारा. केली नसेल, तर त्याला निदानाचे पैसे देऊ नका.

बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांचे चार चिमुकले दिवे असतात. ज्यावर अडकलं तो लागून राहतो. छोटा स्पीकर लावलेला असेल तर बीपही ऐकू येतात, पण प्रत्येक बायोसची भाषा वेगळी. त्यासाठी पुस्तिका बघा, आठवणीवर जाऊ नका. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. डीडीआर५ रॅमची मशीनं पहिल्यांदा सुरू होताना, किंवा बायोसची आठवण पुसली गेल्यावर, रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटं काढतात. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल धक्क्यानं निखळला असेल तर नेमकं हेच होतं. घाबरून माणूस मधेच बंद करतो, पुन्हा लावतो, पुन्हा बंद करतो, आणि मशीनला ते काम कधीच पुरं करता येत नाही. दहा मिनिटं थांबा.

चित्र येतंय पण बिघडलेलं येतंय, हा प्रकार वेगळा. उभ्या रेघा, चौकटी, रंगांचे ठिपके, थरथर. इथं दोन चाचण्या पुरतात, दोन्ही फुकट. पहिली, मॉनिटरचं स्वतःचं मेन्यू उघडा, ब्राइटनेस वगैरे असतं ते. ते मेन्यू मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा त्यात हात नसतो. मेन्यूवरूनही रेघ जात असेल तर दोष मॉनिटरचा. मेन्यू स्वच्छ आणि मागचं चित्र फाटलेलं असेल तर बहुधा केबल किंवा कार्ड. दुसरी, स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. घाण स्क्रीनशॉटमध्येही उतरली असेल तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बिघाड त्याच्या पुढच्या वाटेवर, कार्डाची बाहेरची खाच, केबल, मॉनिटर यांपैकी कुठंतरी. या दोन चाचण्यांनंतर कुठला भाग परत पाठवायचा हे कळतं. शिवाय दुकानदाराला फोनवर ‘काहीतरी गडबड आहे’ सांगण्याऐवजी दोन फोटो पाठवता येतात.

कार्डच दोषी ठरलं आणि पडद्यावर चौकटी नाचत असतील, तर कार्डाची पट्टी वाकून चिपखालचा एखादा डाग सुटलेला असू शकतो. चिप आणि मेमरीच्या खाली झाळकामाचे शेकडो बारीक गोळे असतात, डोळ्यांना न दिसणारे. मग कुणीतरी गरम हवेची बंदूक काढतो. शेकल्यावर चित्र येतंही, पण ते बहुतेकदा काही आठवडे-महिनेच टिकतं आणि तोवर वॉरंटी हातची गेलेली असते. नव्या कार्डाजवळ ती बंदूक येऊ देऊ नका.

मॉनिटर किंवा लॅपटॉपच फुटून येतो तेव्हा भांडण जास्त कडवट होतं. एलसीडी पॅनल म्हणजे काचेचे दोन पातळ थर आणि मधे काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकांचा पापुद्रा. आतली काच तडकली तरी वरची प्लॅस्टिकची फिल्म अखंड राहते. बोट फिरवलं तर काही लागत नाही, मशीन बंद असताना काही दिसत नाही. चालू केलं की शाई सांडल्यासारखा डाग आणि त्यातून फुटलेल्या रेघा. ‘बाहेरून तर काहीच नाही, तुमच्याकडेच दाबला गेला असेल,’ असं ग्राहकाला ऐकवलं जातं. बाहेरून काही न दिसणं हा ग्राहकाविरुद्धचा पुरावा होऊच शकत नाही, कारण पॅनलची रचनाच तशी आहे.

एकच उभी रेघ असेल तर तिचंही कारण ठरलेलं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर प्रत्येक उभ्या ओळीला लाल, हिरवी, निळी अशा तीन वाहिन्या, म्हणजे ५,७६० वाहिन्या काचेच्या कडेला लवचिक फितींवर चिकटवलेल्या असतात. धक्क्यानं त्यातला एक जोड उखडला की वरपासून खालपर्यंत एक रेघ. ती फीत पुन्हा बसवायला खास यंत्र लागतं, गल्लीतल्या दुकानात ते काम होत नाही. ‘थोडं दाबून बघू’ म्हणणाऱ्याला पॅनलला हात लावू देऊ नका.

लॅपटॉपचा पडदा काळा असेल तर अंधारात त्यावर टॉर्च तिरका धरा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनल चालू आहे, मागचा प्रकाश गेलाय. बाहेरचा मॉनिटर जोडून तिथं चित्र आलं तर बोर्ड शाबूत. पडदा पुढे-मागे करताना चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी केबल. पूर्ण पॅनलच्या किमतीपेक्षा ती कितीतरी स्वस्त असते. आधी तिचा भाव विचारा.

आता पैशाचं. दुकानदार म्हणतो, ‘आमच्याकडून चालू गेलंय, व्हिडिओ आहे.’ मान्य. मग ते वाटेत बिघडलं हे त्यानंच सिद्ध केलं. वाटेसाठी पॅकिंग कुणी केलं? कंपनी म्हणते, ‘फिजिकल डॅमेज वॉरंटीत नाही.’ कुरिअर म्हणतं, ‘सही आहे, माल नीट मिळाला.’ या तिघांच्या मधे उभा असतो तो एकटा ग्राहक, आणि त्याच्या हातात काहीच नाही असं त्याला पटवून दिलं जातं.

ते खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घ्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार करायला मुंबईला जावं लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

कुरिअरवाल्याचं गणित वेगळं आणि ते दुकानदारानं समजून घ्यायला हवं. रस्त्यानं होणाऱ्या मालवाहतुकीचा २००७ चा कायदा कुरिअर कंपन्यांनाही लागू आहे. जास्तीचा जोखीम-दर भरलेला नसेल तर नियमांप्रमाणे नुकसानभरपाई भाड्याच्या दहापटीवर थांबते. ८०० रुपये भाडं दिलेलं असेल तर ८० हजारांच्या मशीनला ८,००० रुपये. दावा करायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस हवी. म्हणजे बुकिंगच्या वेळी पूर्ण किंमत लिहून जास्तीचा दर भरणं हे पाठवणाऱ्याचं काम आहे. काही रुपये वाचवायला ते टाळायचं आणि फुटल्यावर ग्राहकाला कुरिअरच्या ऑफिसात पाठवायचं, हे मला सरळसरळ लुबाडणं वाटतं.

ग्राहकानं आपल्या बाजूनं खोकं उघडताना सलग व्हिडिओ घ्यावा, पत्त्याच्या लेबलापासून पडदा उजळेपर्यंत. खोकं चेपलेलं असेल तर सही करताना पावतीवरच ‘खोकं खराब’ असं लिहावं. खोकं आणि फोम सगळं मिटेपर्यंत टाकू नये.

पण हे सगळं ग्राहकावर यावंच का? बबल रॅप १९५७ साली न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी भिंतीचा कागद बनवण्याच्या खटपटीत शोधला. त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो आयबीएमचा १४०१ हा कॉम्प्युटर ग्राहकांपर्यंत धडपणे पोचवायला. कॉम्प्युटर कसा पाठवायचा, हे जगाला तेव्हापासून माहीत आहे. ग्राफिक्स कार्ड कारखान्यातून समुद्र ओलांडून दुकानापर्यंत शाबूत येतं, कारण ते त्याच्या मापाच्या फोमच्या खोक्यात बसलेलं असतं. ते रिकामं खोकं दुकानाच्या माळ्यावर पडून आहे. मशीनची चाचणी झाली की कार्ड काढा, त्याच खोक्यात परत घाला आणि सोबत एक कागद द्या. कार्ड कुठं बसवायचं, कुठली केबल लावायची, मॉनिटर कुठल्या खाचेत जोडायचा, याचे चार फोटो आणि फोन उचलेल अशा माणसाचा नंबर.